दोन पॉइंट वीस म्हणजे किती

दहावीच्या गणितात मी नापास झाले होते, ही बातमी माझ्या सासरी माझ्याआधी पोचली होती. मला बघायला आले तेव्हा सासरे म्हणाले, "गणितातच गेली ना? मग बरंय, घरात हिशेब मागणार न्हाई." सगळे हसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो तिथंच आपटावा असं तेव्हा वाटलं होतं, आणि खरं सांगते, आजही कधीकधी वाटतं.

सासऱ्यांना आम्ही सुना मामा म्हणतो. आमचं गाव ताडकळसच्या जवळ, जमीन बेताची, आणि घरातला प्रत्येक आकडा मामांच्या तोंडून निघतो. बियाणं किती, खत किती, कुणाच्या बांधात आपली किती जागा गेली, सगळं तोंडपाठ. त्यावर कुणी शंका काढली की विचारतात, "तू माझ्यापेक्षा जास्त शिकलास का?" माझा नवरा बारावी झालेला आणि दीर पदवीधर, म्हणजे दोघंही जास्तच शिकलेले. पण एकाचीही हो म्हणायची कधी छाती झाली नाही.

तर झालं असं, की गावातली आशाताई नवऱ्याबरोबर पुण्याला राहायला गेली आणि तिची जागा रिकामी पडली. घरोघर जाऊन गरोदर बायकांची विचारपूस करायची, बाळांची वजनं बघायची, गोळ्या-औषधं पोचवायची, असं ते काम. त्याला गावातलीच सून लागते आणि ती दहावी पास लागते. मला ते काम पाहिजे होतं. हौस म्हणून नाही, जिवापासून पाहिजे होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी गावातल्या निम्म्या घरांचे उंबरे मला माहीत नव्हते. शेत, देऊळ, आणि बाजाराच्या दिवशी नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून ताडकळस, एवढंच माझं जग होतं. त्याच्या पलीकडं जायचं तर मधे गणित आडवं पडलेलं.

मामांनी परीक्षेला परवानगी दिली. मी हरखून गेले, तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, लय खुश होऊ नका. तुमी पास होणार न्हाईत याची खात्री हाय, म्हणून हो म्हणलेत."

ही नणंद माझ्याहून लहान, पण मी तिला ताईच म्हणते. ती परभणीला एका शाळेत तासिकेवर गणित शिकवते आणि रविवारी घरी येते. तोंडाची फटकळ, पण शिकवायला बसली की सोडत नाही. पहिल्याच रविवारी तिनं जाहीर केलं की माझा पाया कच्चा आहे, सबब आपण दहावीचं पुस्तक बाजूला ठेवून पाचवीपासून निघू. गुणोत्तर, एककांचं रूपांतर, भूमिती. मी ज्वारी निवडत बसायचे आणि ताई गणितं घालायच्या.

"दूध आणि पाण्याचं गुणोत्तर सातास दोन. मिश्रण अठरा लिटर. पाणी किती?"

"चार लिटर. पण ताई, पाणी घालणारा कोण हाय?"

"तुमाला काय करायचंय?"

"न्हाई, पुस्तकात त्याला कुणी काहीच बोलंना. त्यानं चार लिटर पाणी ओतलं अन् सगळे नुसतं गुणोत्तर विचारायलेत."

भूमितीत तर माझं पुस्तकाशी रोज वाजायचं. एका शेतकऱ्याचं वर्तुळाकार शेत आहे, त्याला तारेचं कुंपण घालायचं आहे. वर्तुळाकार शेत? अख्ख्या परभणी जिल्ह्यात दाखवा मला एक. आमच्या शेताचा एक कोपरा तिकोनी आहे, कारण मामांच्या आजोबांचं भावाशी वाजलं आणि बांध तिरपा निघाला. त्रिकोण आमच्याकडं भांडणातून तयार होतात, हे लिहायला पुस्तकवाल्यांना काय झालं होतं? शंकूचं घनफळ शिकवायला ताईंनी खळ्यावरची सोयाबीनची रास दाखवली. मी दोरीनं घेर मोजायला गेले तर नवरा म्हणाला, "पोत्यात भरल्यावर कळंलच की." त्याला मी दोरीचं दुसरं टोक धरायला लावलं.

पण हळूहळू मला गोडी लागायला लागली. तेलाच्या पिशवीवर, खोकल्याच्या औषधावर, शाम्पूच्या पुडीवर मी मिलिलिटर वाचत सुटले. एका लिटरमध्ये किती पुड्या मावतील याचा हिशेब मी चुलीपुढं बसून मनात करायचे, आणि तो बरोबर यायचा. त्याचा आनंद कुणाला सांगावा असं घरात कुणी नव्हतं.

मग एका रविवारी ताईंनी दशांश चिन्हाची साधी बेरीज दिली. 2.20 अधिक 1.30. मी झटक्यात लिहिलं, 4.10. ताईंनी त्यावर फुली मारली.

आता आमच्याकडची रीत सांगते. आमच्याकडं जमीन अशीच लिहितात. दोन एकर वीस गुंठे म्हणजे 2.20. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून 2.20 म्हणजे अडीच एकर. त्यात एक एकर तीस गुंठे मिळवले की चार एकर दहा गुंठे होतात. हे आम्ही शाळेत शिकत नाही, अंगणात खेळता खेळता कानावर पडतं. मग माझं चुकलं कुठं?

मामा बाजेवर पडले होते. ते उठून बसले आणि म्हणाले, "बरोबर हाय तिचं." सासरी आल्यापासून पहिल्यांदा हा माणूस माझ्या बाजूनं बोलला. दीर म्हणाला, चार दहाच. नवरा म्हणाला, चार दहाच. सासूबाईंना अक्षरओळख नाही, त्यासुद्धा भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "चार दहाच की गं."

ताई म्हणाल्या, "अरे, टिंबाच्या पुढं शंभर भाग असतात, चाळीस न्हाई. हे तीन पॉइंट पन्नास होतंय."

"तीन एकर पन्नास गुंठे?" मामा हसायलाच लागले. "चाळीसला एकर भरला, वरचे दहा गुंठे काय पदरात बांधून नेतीस?"

"बाबा, एकर कुठून आला मधे? हे नुसते आकडे हायेत."

"नुसता आकडा कधी असतो का? आकडा कशाचा तरी असतो."

ताईंनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं वळल्या. "वहिनी, पेपर तपासणारा तुमच्या बांधावर येणार न्हाई. तुमाला आशाताई व्हायचंय का मामांची लाडकी सून?" मला दोघांचाही राग आला. त्या रात्री मी कुणाला वाढलं नाही, ज्यानं त्यानं घेऊन खाल्लं. पण पुढच्या रविवारी परत बसले. टिंब दिसलं की आधी थांबायचं आणि विचारायचं, हे कशाचं टिंब आहे, एवढी एक सवय ताईंनी मला रट्टे दिल्यासारखी लावली. मार्चमध्ये मी पेपर देऊन आले. मामांनी विचारलं, "कसा गेला?" मी म्हटलं, "गेला." त्यांना समाधान वाटल्यासारखं दिसलं.

निकाल लागायच्या आधी जाऊ बाळंत झाली. हे तिचं दुसरं, म्हणून बाळंतपण आमच्याकडं. दवाखान्यातनं दिरानं वजनकाट्याचा फोटो मामांच्या मोबाइलवर पाठवला. मामांनी चष्मा लावून वाचलं, "दोन पॉइंट वीस. अडीच किलो. गडी दणकट हाय." गूळ वाटला. डॉक्टर म्हणत होते चार दिवस राहा, तर दीर मामांचं ऐकून त्यांना म्हणाला, बाळ अडीच किलोचं आहे, कशाला राहायचं? पाचवीची पूजा घरी व्हायला पाहिजे हा मामांचा हट्ट होता. आपल्या जबाबदारीवर नेतो अशी दिरानं सही केली आणि बाळाला घेऊन आला.

मी बाळ मांडीवर घेतलं आणि मला काहीतरी खटकलं. अंगावर चढलेलं मांस कुठं दिसेना. दोन घोट प्यायचं आणि झोपायचं. तिकडं सासूबाईंनी न्हाणीत पाणी तापवून ठेवलेलं, तेल चोळून आंघोळ घालायला शेजारची म्हातारी आलेली. मी मामांचा मोबाइल मागून घेतला. फोटोत काट्यावर 2.20 होतं, आणि शेजारी किलो लिहिलं होतं.

"मामा, हे अडीच न्हाई. दोन किलो दोनशे ग्राम हाय. आशाताई सांगायची, अडीचच्या आतलं बाळ कमी वजनाचं असतं. ह्याला आंघोळ घालू नका, दवाखान्यात न्या."

"दोन वीस मंजे अडीच. तुझी बेरीज तशीच होती."

"ते जमिनीचं. हे किलोचं हाय."

"खामखा लेकराला नजर लावू नको," मामा म्हणाले आणि दीर मान हलवायला लागला. त्या पदवीधराची मान बघून माझं डोकंच फिरलं. बाळ मी जावेच्या छातीशी दिलं, वरून लुगडं गुंडाळलं, म्हातारीला म्हटलं पाण्याला हात लावायचा नाही, आणि तशीच समोरच्या किराणा दुकानात गेले. दुकानात माणसं बसलेली होती. एरवी मी तिथं पदर ओढून उभी राहते. काट्यावर मिठाचे एक-एक किलोचे दोन पुडे ठेवले आणि वर साखरेचा अर्ध्या किलोचा पुडा. मामा मागोमाग आलेच होते, मला परत न्यायला.

"हे किती झालं, मामा?"

"अडीच किलो. त्यात काय?"

"काट्यावर वाचा."

काट्यावर 2.50 होतं. मामांनी चष्मा पुसला. मोबाइलमधला फोटो काट्याशेजारी धरला. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"मग मधले तीस कुठं गेले?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तीस न्हाई, तीनशे ग्राम. ते लेकराच्या अंगावर चढायचेत अजून."

मामा तडक घराकडं वळले. घरी येऊन दिरावर खेकसले, "बसलास काय, जीप सांग."

दवाखान्यात सिस्टरनी दिराची जी काढली ती ऐकून मला गार वाटलं. बाळाचं वजन आणखी उतरलं होतं. जावेनं त्याला उघड्या छातीशी धरून बसायचं, थोडं थोडं सारखं पाजायचं, आंघोळीचं नाव काढायचं नाही. पाचवी तिथंच वॉर्डात गेली, त्याची सासूबाईंनी फार हळहळ केली. पण बाळ प्यायला लागलं, वजन चढायला लागलं, आणि अडीचच्या वर गेल्यावर घरी आलं. खरं अडीच.

मामांनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. पाणी पाहिजे असलं तर मी समोर उभी असताना नवऱ्याला सांगायचे, "तिला म्हणावं तांब्या दे." मीपण कमी नाही, तांब्या नवऱ्याच्याच हातात द्यायचे. मधे निकाल लागला. काठावर, पण पास झाले. ताई फोनवर रडल्या. मामांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं आणि पान न उलटता वाचत राहिले.

मग आशाताई निवडायची ग्रामसभा आली. अर्ज दोनच होते, माझा आणि एका मास्तरांच्या सुनेचा. ती बारावी झालेली. ग्रामसेवकानं विचारलं, घरच्यांची संमती आहे का? मास्तर लगेच उठून हो म्हणाले. माझ्या नवऱ्यानं, सवयीप्रमाणं, मामांकडं बघितलं. मामा बसूनच राहिले. मला वाटलं, संपलं. इतके दिवस केलेलं सगळं ह्या एका म्हाताऱ्याच्या फुगलेल्या तोंडापायी पाण्यात जाणार, आणि मी काही करू शकत नव्हते. बायकांच्या रांगेत बसून मी मुठी आवळल्या.

मग ते उठले. धोतर सारखं केलं.

"माझ्या नातवाचं वजन मी चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "दोन शिकलेले लेक माना हलवीत बसले. हिनं मला दुकानावर, चार माणसांत, खोटं पाडलं. तवा लेकरू वाचलं." त्यांनी बायकांच्या रांगेकडं हात केला. "असली सून घरात ठिवून रोज मीच का ऐकून घ्यावं? गावाला दिली. आता तुमी बी ऐका."

लोक हसले आणि हात वर व्हायला लागले. मास्तरांचा हातसुद्धा वर होता. मला त्या माणसाचा लय राग आला, इतक्या वर्षांत एकदा कौतुक केलं तेसुद्धा मला देऊन टाकताना. रडू पण तेव्हाच आलं, आणि बायकांच्या रांगेत बसून मी मोठ्यानं रडले.