शिडीबाईचं नाव कुणी फोडलं?

अग्निशमन दलात सगळे तिला शिडीबाई म्हणत. एक तर ताडमाड उंची, त्यात उंच शिडीवर भराभरा चढून जाणारी दलातली पहिली बाई. चिडवायला ठेवलेलं हे नाव तिनं असं काही मिरवलं, की चिडवणाऱ्यांची सगळी मजाच गेली. पुढे ती तपासणी अधिकारी झाली. इमारतीत आग लागली तर माणसं कुठून बाहेर पडतील, पाणी कुठून मिळेल, ते बघायचं आणि सगळं नीट असेल तरच दाखल्यावर सही करायची, हे तिचं काम.

सरकारी रुग्णालयाची नवी इमारत तिच्या वाट्याला आली. मजल्यामजल्यावर लालभडक नळ, काचेच्या पेट्यांत गुंडाळून ठेवलेले पाइप, पितळी तोंडं लखलखीत.

"बघा बाई, कसं चकाचक आहे!" सोबतचा कंत्राटदाराचा माणूस म्हणाला.

"बघून काय करू? आग काय बघून विझते?" असं म्हणत तिनं सगळ्यात वरच्या मजल्यावर, लहान मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या नळाची चक्री फिरवली. फुस्स करून थोडी हवा आली, पाठोपाठ सिमेंटची पूड सांडली. पाण्याचा टिपूस नाही. तिनं तळघर गाठलं. पंप होता, टाकीही भरलेली होती. पण पंपातून निघालेला पाइप तळघराच्या छतापर्यंत जाऊन तिथंच संपला होता. वरचे सगळे नळ नुसते भिंतीत चिणलेले.

तिच्या साहेबांना तिनं सांगितलं, तर ते फाइलमधून मानही वर न करता म्हणाले, "उद्घाटनाची तारीख ठरलीय. पाइप काय, येईल मागाहून. सही करून टाका."

"पाइप येऊ द्या साहेब, लगेच करते."

तिनं केली नाही, म्हणून साहेबांनी दुसऱ्याकडून सही करून घेतली. फीत कापली गेली, भाषणं झाली, खाटा भरल्या. तिची धाकटी नणंद त्याच रुग्णालयात परिचारिका होती. तिला मुलांचा वॉर्ड मिळाला. केवढ्या मोठ्या खिडक्या, किती उजेड, असं ती जेवताना कौतुकानं सांगत होती आणि शिडीबाईला तो छतापाशी संपलेला पाइप दिसत होता.

सरकारी कामातली लबाडी आतल्या माणसानं कळवली तर त्याचं नाव गुप्त ठेवायचं, त्याला त्रास द्यायचा नाही, असा कायदा होता. तक्रार दक्षता मंडळाकडे करायची. तिचा नवरा शिंपी. शिवणयंत्राचं चाक थांबवून त्यानं तो कायदा तिच्याकडून वाचून घेतला आणि म्हणाला, "कापड झकास आहे गं. शिवणार कोण?"

"ज्यांचं काम आहे ते शिवतील. नाही शिवलं तर मी विचारेन," ती म्हणाली आणि तक्रार देऊन आली.

थोड्याच दिवसांत साहेबांनी तिला बोलावलं. तिची तक्रार त्यांच्या टेबलावर होती, नावासकट. मंडळानं ती 'अभिप्रायासाठी' थेट त्यांच्याकडेच धाडली होती! ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्यांनाच विचारलं होतं, की बुवा, हे खरं आहे का? साहेबांनी अर्थातच कानांवर हात ठेवले होते. वर शिडीबाईची बदली गावाबाहेरच्या गोदामात केली. जुने बूट आणि फुटकी हेल्मेटं राखायला. कालपर्यंत तिच्या डब्यात हात घालणारे सहकारी आता ती दिसली की जिन्याकडे वळायचे.

एवढ्यावर भागलं नाही. साहेबांच्या शब्दावरून रुग्णालयानं नणंदेला वॉर्डातून काढून धुलाईखान्यात चादरी मोजायला बसवलं. ती तणतणत घरी आली.

"वहिनी, तुझा बाणा तुझ्यापाशी! माझ्या पोटावर का पाय?"

"अगं, मला फक्त एक सांग. वर धूर झाला, तर तुझी ती सलाइन लावलेली पोरं खाली कशी आणशील?"

नणंद खाली बसली. "दोनच हात आहेत मला," एवढंच पुटपुटली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "सुनावणी होईल ना? मी येते. माझ्याबाबतीत काय झालं, ते मीच सांगते."

सुनावणी आपोआप होणार नव्हती. शिडीबाईनं दुसरी तक्रार केली. या वेळी खुद्द मंडळाविरुद्ध. माझं नाव कुणी फोडलं, एवढाच प्रश्न. उत्तर आलं नाही की ती मंडळाच्या कचेरीत जायची. 'अधिकारी बैठकीत आहेत' म्हटलं की बाकावर बसून राहायची. शेवटी तिथला शिपाईच आत जाऊन म्हणाला म्हणे, "त्या बाई काही हलायच्या नाहीत. तुम्हीच हला."

सुनावणीला मंडळाच्या अध्यक्षबाई समोर होत्या. त्यांचा अधिकारी उठून म्हणाला, "नाव अनवधानानं गेलं."

"अनवधानानं माणूस छत्री विसरतो," शिडीबाई म्हणाली. "माझं नाव तुम्ही पाकिटात घालून, शिक्का मारून पाठवलंत. आता हिचं ऐका."

नणंदेनं वॉर्डापासून धुलाईखान्यापर्यंतचं सगळं सांगितलं. तिचं झाल्यावर, सुनावणीला बोलावलेले शिडीबाईचे साहेब म्हणाले, नळ तर केव्हाच सुरू झालेत.

"मग चला बघायला," शिडीबाई अध्यक्षबाईंना म्हणाली. "मी हात लावणार नाही. चक्री तुम्हीच फिरवा."

त्या खरंच निघाल्या. लवाजमा मागे. वरच्या मजल्यावर अध्यक्षबाईंनी पदर खोचून चक्री फिरवली. फुस्स! पेटीतून काढून उलगडलेला पाइप जमिनीवर मेलेल्या सापासारखा पडून राहिला. वॉर्डाच्या दारातून एक बारकी पोरगी खिदळली. मोठ्यांपैकी कुणाची मान वर होईना.

त्यानंतर चक्रं हलली. पाइप बसेपर्यंत अग्निशमन दलाची गाडी रुग्णालयाच्या फाटकात उभी ठेवण्याचा हुकूम निघाला. शिडीबाई तपासणीवर परतली, नणंद वॉर्डात. नाव पाठवणारा अधिकारी निलंबित झाला आणि तक्रारदाराचं नाव काढल्याशिवाय कागद मंडळाबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा नियम झाला. सहकारी पुन्हा तिच्या डब्यात हात घालू लागले. तिनं डबा पुढे केला, पण पूर्वीसारख्या गप्पा काही रंगल्या नाहीत.

साहेबांचीही चौकशी लागली, पण ती पुरी व्हायच्या आत ते हारतुरे घेऊन निवृत्त झाले. माणूस गेला, आता चौकशी कसली, असं खात्यानं कळवलं.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "आता तरी स्वस्थ बसशील?"

"बसलेच आहे की," ती म्हणाली. निवृत्तीनंतर चौकशी थांबते हे कुठल्या कायद्यात लिहिलंय, असं विचारणारा अर्ज ती बसूनच लिहीत होती.