रानचेरीची बरणी

गिरणी बंद पडते, दुकान बंद पडतं, हे जगात सगळीकडेच. आमच्याकडे अधूनमधून सरकारच बंद पडतं. राजधानीत बडी मंडळी खर्चाच्या कागदावरून रुसून बसतात, आणि तिथून हजार-बाराशे मैलांवर, मिनेसोटाच्या पार उत्तरेला, नॉर्बीच्या विमानतळावर बॅगा तपासणाऱ्या अर्लीन टॉफ्टेचा पगार थांबतो. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो नेमका कोणाचा ते मला ठाऊक नाही. तिसरी अर्लीन असेल तर तिला उपासच घडतो.

डिसेंबरात तिला पत्र आलं. तुमची सेवा अत्यावश्यक आहे, तेव्हा कामावर हजर राहावं. पगार मात्र सरकार उघडल्यावर. अर्लीनने ते पत्र फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावून टाकलं. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात तिला कोणी अत्यावश्यक म्हटलं नव्हतं. नवऱ्याने तर नाहीच. तो गुडघ्यांना ऊब हवी म्हणून अकरा वर्षांपूर्वी ॲरिझोनाला गेला, तो गेलाच.

अर्लीन म्हणजे नियमाची पक्की. चर्चमधल्या बाईंची विणकामाची कात्री तिने काढून घेतली होती, आणि त्याच रविवारी त्यांच्याच शेजारी बसून भजनं म्हटली होती. गावात तिच्यावर विनोद चालायचे. "अर्लीनच्या घरी जेवायला जायचं तर बूट काढून, हात वर करून जावं लागतं," असं कॅफेत म्हणायचे. ती ऐकायची, हसायची आणि दुसऱ्या दिवशी म्हणणाऱ्याचे बूट काढायला लावायची.

पगार थांबला आणि गावाला तिची काळजी वाटायला लागली. काळजी म्हणजे आमच्याकडे जेवणाचं भांडं. शेजारची लावर्न मोठ्या काचेच्या भांड्यात खिमा-बटाटे भाजून घेऊन आली.

"हे मला घेता येणार नाही, लावर्न," अर्लीन दारातच म्हणाली. "सरकारी माणसाने भेट घ्यायची नाही. वीस डॉलरपर्यंत चालतं, त्यावर नाही."

"अगं, खिमा-बटाट्यांत कसली आलीय लाच? मी काय तुझ्या विमानातून बंदूक नेणार आहे?"

"नियम आहे."

लावर्न पाय आपटत परत गेली आणि दहा मिनिटांनी तेच भांडं घेऊन आली. वर चिकटपट्टीने चिठ्ठी लावलेली: 'एकूण किंमत एकोणीस डॉलर पन्नास सेंट. भांडं परत द्यायचं आहे, म्हणून किमतीत धरलेलं नाही.'

ही बातमी चर्चमध्ये गेली. मग काय, आठवडाभर अर्लीनच्या दारात चिठ्ठ्या लावलेली भांडी. मटाराचं सूप, चार डॉलर. बटाट्याच्या पातळ पोळ्यांची चळत, सहा डॉलर, 'बटाटे घरचे.' अर्लीन प्रत्येक चिठ्ठी वाचायची, मान हलवायची आणि भांडं आत घ्यायची. रात्री एकटीने जेवताना मात्र ती त्या चिठ्ठ्या पुन्हा एकदा वाचायची. इतकी माणसं आपल्याला धरून आहेत हे तिला आधी माहीतच नव्हतं.

पण माणूस जेवला म्हणून गाडी चालत नाही. विमानतळ अठरा मैलांवर. तपासणीला चौघं होते. कर्टिस एका गोदामात कामाला लागला, आणखी एकाने आजारपणाची रजा टाकली. उरल्या अर्लीन आणि तिची वरिष्ठ मार्वा. दोघींपैकी एक जरी घरी बसली तरी तपासणी बंद, आणि दिवसाचं एकुलतं एक साडेअकराचं विमान रिकामं उडणार. पगाराच्या दिवशी नेहमीसारखी पावती आली. खाली रक्कम होती शून्य.

"शेतीच्या दुकानात गल्ल्यावर बाई हवीय म्हणतात," मार्वा म्हणाली. "दर शुक्रवारी पैसे. तू गेलीस तरी मी काही बोलणार नाही."

"गुरुवारचं काय?" अर्लीन म्हणाली.

 गुरुवार म्हणजे कोण, ते मार्वाला माहीत होतं.

दर दुसऱ्या गुरुवारी हाल्वर लुंडे विमानाने मिनियापोलिसला जायचा. वय अठ्ठ्याहत्तर. रक्ताचा काही आजार होता, आणि त्याचं औषध शिरेतून तिथेच मिळायचं. गाडीने सहा तास लागतात, आणि जानेवारीत तर त्या रस्त्याचं नावच काढू नये. हाच हाल्वर पूर्वी बारा वर्षं गावच्या शाळेची बस चालवत होता. छोटी अर्लीन त्याच्या मागच्याच सीटवर बसायची, आणि अजूनही त्याला मिस्टर लुंडेच म्हणायची.

तो मात्र तीन वर्षं तिच्याशी बोलत नव्हता.

तीन वर्षांपूर्वी, नाताळाच्या आधी, तो मिनियापोलिसला मुलीकडे, ब्रिटकडे, निघाला होता. बायको, सिग्ने, जाऊन चार महिने झाले होते. त्याच्या हातातल्या पिशवीत लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली बरणी निघाली. रानचेरीची जेली. सिग्नेने ऑगस्टमध्ये केलेली, शेवटची.

"ही वर नेता येणार नाही, मिस्टर लुंडे. तीन औंसांच्या वर पातळ काही चालत नाही. मोठ्या सामानात टाका."

"सामान गेलं पुढे."

"मग इथे ठेवावी लागेल."

"सिग्नेने केलीय," तो म्हणाला. एवढंच. आमच्याकडे माणूस याहून जास्त विनवत नाही.

अर्लीनने त्याच्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि बरणी टाकायच्या डब्यात ठेवली. हाल्वर बूट घालून निघून गेला. त्यानंतर तो तिच्या समोरून कितीदा गेला असेल, पण हात वर करायचा, बूट काढायचा आणि तिच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत राहायचा.

आता जे सांगतो ते तेव्हा गावात कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी काम संपल्यावर, मार्वा कागद भरत असताना, नियमाच्या पक्क्या अर्लीनने डब्यातून ती बरणी काढली, मोज्यासकट कोटाखाली घातली आणि घरी नेली. टाकून दिलेली वस्तू घरी नेणं म्हणजे चोरी. दुसऱ्या एका विमानतळावरच्या माणसाची साध्या चाकूपायी नोकरी गेली होती, हे तिला माहीत होतं. तरी तिने नेली. तळघरात फळीवर, मागच्या कोपऱ्यात ठेवली. पेन्शन सुरू झालं की दुसऱ्या दिवशी जाऊन देऊ, असं तिने ठरवलं होतं. पेन्शनला चार वर्षं होती. हाल्वरकडे तेवढी वर्षं आहेत की नाहीत, हे ती दर दुसऱ्या गुरुवारी त्याच्या गालांकडे बघून मोजायची.

जानेवारीत बर्फ पडायचा थांबेना. अंगणातून रस्त्यापर्यंतची वाट साफ करायला एक माणूस यायचा, त्याला अर्लीनने नको सांगितलं. द्यायला पैसे नव्हते. स्वतः फावडं घेऊन दोन दिवस उपसलं, तेव्हा खांद्यातून हात वर जाईना. तिसऱ्या दिवशी उठून पाहते तर वाट लख्ख साफ. चौथ्या दिवशीही तसंच.

"तू केलंस का?" तिने लावर्नला विचारलं.

"मी? माझी कंबर बघितलीस का?"

अर्लीनला झोप लागेना. एवढ्या कामाचे वीस डॉलरच्या वर सहज झाले असते, आणि चिठ्ठी कुठेच नव्हती. पाचव्या दिवशी ती उजाडायच्या आधीच खिडकीशी बसली. सातच्या सुमाराला पुढे बर्फ लोटायचं पातं लावलेली एक जुनी निळी गाडी आली. वाटेच्या मध्यात थांबली. आतला माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून जरा बसला, मग पुन्हा गाडी पुढे घेतली.

अर्लीन घरातल्या झग्यावर कोट चढवून, बूट न बांधताच बाहेर धावली.

"मिस्टर लुंडे! अहो, हे काय चालवलंय तुम्ही?"

हाल्वरने काच खाली केली. तिच्याशी बोलायची सवय गेली होती, म्हणून आधी घसा खाकरला. "उद्या गुरुवार आहे. तू नाही आलीस तर मला विमान नाही. माझाच स्वार्थ आहे."

"मला तुमच्याकडून काही घेता येत नाही. तुम्ही प्रवासी आहात. नियम—"

"घ्यायला कोण सांगतंय तुला?" म्हातारा भडकला. "मी देतोय का काही? बर्फ तुझा होता, मी घेऊन चाललोय. तू माझी बरणी नेलीस, मी तुझा बर्फ नेतो. फिट्टंफाट!"

अर्लीन तशीच उभी राहिली. घोट्यापर्यंत बर्फ बुटात गेला होता. हाल्वर दिवसाआड कॅफेत बसतो, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही, हे सगळं गाव जाणून होतं. बरणी आपल्याकडे आहे हे त्याला कळलं, तर उद्या संध्याकाळपर्यंत मार्वाच्या कानावर जाईल. मग पगार नाही, पेन्शन नाही, अत्यावश्यक तर मुळीच नाही. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. मनगटावर सुयांचे काळेनिळे डाग होते.

"जाऊ नका," ती म्हणाली. "दोन मिनिटं थांबा."

ती तळघरात गेली आणि बरणी घेऊन आली. मोजा धुऊन, घडी घालून बरणीच्या गळ्याशी बांधलेला होता. तिने ती काचेतून आत दिली.

हाल्वरने झाकणावरची चिठ्ठी वाचली. त्याला चष्मा लावायला लागला नाही. ते अक्षर त्याने पन्नास वर्षं किराण्याच्या यादीवर वाचलं होतं.

"डब्यात टाकली होतीस तू. मी बघितलं."

"काढली मग."

"तेव्हापासून?"

"तळघरात. अंधारात ठेवली, रंग उडू नये म्हणून." तिने गाडीचं दार धरलं. "मला आधीच द्यायची होती हो. भीती वाटली. माफ करा मला."

गाडीचं इंजिन धडधडत होतं. हाल्वरने बरणी मांडीवर घेतली, झाकणावरून अंगठा फिरवला. तो रडत होता आणि ते लपवायचं त्याच्या लक्षातही आलं नाही.

"नोकरी जाईल तुझी, हे कळलं कोणाला तर," तो म्हणाला.

"हो."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"मग मलाही नाही सांगितलंस." त्याने काच वर करायला घेतली, पुन्हा थांबवली. "आत जा, पोरी. बूट बांधत जा आधी. शाळेत असतानाही हेच सांगायचो."

गुरुवारी सरकार बंदच होतं. रांगेत नऊ माणसं. हाल्वर शेवटी उभा होता. बूट काढले, हात वर केले. घड्याळाकडे मात्र पाहिलं नाही.

"पिशवीत काही पातळ, ओलं, चिकट?" अर्लीनने नियमाप्रमाणे विचारलं.

"आहे," हाल्वर म्हणाला आणि स्वतःच पिशवी उघडली.

स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत, नियमात लिहिलंय तशी, हॉटेलात मिळते तसली शाम्पूची एक छोटी बाटली. धुऊन लख्ख केलेली. आत गडद लाल. वरच्या कागदावर पेन्सिलने लिहिलेलं: 'तीन औंस.'

मार्वा पलीकडून बघत होती. अर्लीनने बाटली उचलली, उजेडाला धरली, तळाशी छापलेलं माप वाचलं. परत एकदा वाचलं, कारण पहिल्यांदा अक्षरं दिसलीच नाहीत.

"मापात आहे," ती म्हणाली. "घेऊन जा, मिस्टर लुंडे."

त्याने बाटली पिशवीत ठेवली, बाकावर बसून बूट चढवले, नाड्या नीट बांधल्या. मग उठला आणि तिच्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "ब्रिटला सांगतो, आईने पाठवलंय. वाटेत जरा उशीर झाला."

अर्लीनने मान हलवली.  तो विमानाकडे निघाला, आणि दार बंद होईपर्यंत ती त्याच्या पाठमोऱ्या टोपीकडे बघत राहिली.