लाईट न गेलेला दिवस

दाराच्या खिळ्याला पिशव्या जमतात ना, तसे आमच्या ऑफिसात किस्से जमतात. कोणी मुद्दाम जमवत नाही! ऑफिस म्हणजे कारंज्यात बियाण्यांच्या दुकानावरची एक खोली. माणसं तीन: शुभांगीताई, गजानन आणि मी. काम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात, कर्नलमध्ये, कोणत्या टास्कला प्रोसेसरवर किती वेळ पाळी द्यायची, ते सांभाळणं.

तर पाळीची सेटिंग बदलली की पुण्याच्या मुख्य ऑफिसातलं मशीन "हो" म्हणायचं आणि काही तासांनी बघावं तर अजून जुन्याच चालीवर! पुण्याच्या मॅनेजरांनी बजावलं, "हा बग सुटला नाही तर कारंजा बंद. सगळे पुण्याला!" गजाननच्या बायकोला जवळच्याच शेलूबाजारच्या शाळेत नुकतीच नोकरी लागलेली. त्याचा जीव टांगणीला लागला.

*

गजाननचे वडील, अण्णा, गावातले जुने पुढारी. त्यांनी विचारलं, "काय करून राह्यला रे तू दिवसभर?"

"कोनाची पाळी आधी, ते ठरवतो."

"आन् कोनी आयकते का तुयं?"

"नाही ना! तेच तं पाहून राह्यलो!"

*

गजाननने दुरुस्ती केली, तपासली, कळवलं, "झालं!" पुण्याहून फोन, "बग तसाच आहे." पुन्हा दुरुस्ती, पुन्हा फोन. कारंज्यात बग औषधालाही सापडेना, पुण्यात हटेना! माझं तर डोकंच चालेना.

"साहेब," गजानन फोनवर मॅनेजरांपुढे काकुळतीला आला, "मशीनले पुण्याचं पानी मानवून नाही राह्यलं!"

*

मग एक दिवस गावात मंत्री आले. सकाळपासून लाईट गेलीच नाही. सगळं गाव खूश, आणि दुपारी आमच्या मशीनवर बग हजर!

शुभांगीताई ओरडल्या, "अरे, लाईट!"

रोज लाईट जायची. यूपीएस चहा उकळेपर्यंतही टिकत नव्हता. मशीन नव्याने सुरू झालं की सगळे टास्क नवी सेटिंग घेऊनच उठायचे. आधीपासून चालू असलेल्या टास्कपर्यंत ती पोचतच नव्हती. आणि आम्ही लाईट गेल्याचं पुण्य आपल्या खात्यावर लावत होतो!

*

खरी दुरुस्ती मग झटक्यात झाली. पण मॅनेजर दुधाने पोळलेले. "आधी तुमच्याकडचंच मशीन दिवसभर बंद न पडता चालवून दाखवा. मगच मानतो."

गजाननने लाईनमनला फोन लावला. "भाऊ, उद्या लाईट जाऊ देऊ नका ना!"

"काहून? मंत्री येऊन राह्यला काय तुमच्याकडं?"

गजानन थेट अण्णांकडे. "अण्णा, मंत्र्याले पुन्हा बलावता येते काय?"

"कायले?"

"टेस्टिंगले."

अण्णांनी जरा विचार केला. "तुमच्या हापिसाचं उद्घाटन झालं काय?"

*

कधीपासून चालू असलेल्या ऑफिसला झेंडूचं तोरण लागलं. सकाळीच आम्ही मशीन सुरू केलं. मंत्र्यांनी फीत कापली, पेढा खाल्ला, खुर्चीत टेकले आणि कौतुकाने विचारलं, "काय काम चालतं इथे?"

गजाननची नजर वरच्या पंख्यावर.

"समदं सांगतो साहेब! तुमी फक्त संध्याकाळपर्यंत उठू नका!"