नालीत नाही, चढावर!

बेसा भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर बायकोचा शिवणवर्ग चालतो. त्यावरचं पत्र्याचं छप्पर मी आणि माझ्या साळ्यानं स्वतःच्या हातांनी ठोकलं होतं. त्याचा अभिमान एका अवकाळी सरीपर्यंत टिकला. पाणी थेट एका नवरीच्या ब्लाउजवर टपकलं. नवरी रडली, तिची आई ओरडली, आणि बायको शांतपणे म्हणाली, "आणखी एक थेंब पडला ना, तर वर्ग बंद. लोकांच्या लग्नाचे कपडे मी देवाच्या भरवशावर ठेवणार नाही."

देव म्हणजे मी आणि साळा.

म्हणून कामठीहून मिस्त्री बोलावला. साठीचा, काटकुळा, कानावर पेन्सिल. शिडी चढून त्यानं आमची कारागिरी पाहिली आणि टोपी काढली. मला वाटलं, आदरानं.

"भाऊ, इथं कोणी मेलं होतं का?"

"काहून?"

"इतके खिळे पाहून वाटलं, भूत बांधून ठेवलं का काय!"

आमचा हिशेब साधा होता. पन्हळी पत्र्याला चढ असतात आणि दोन चढांमध्ये नाली. नाली खालच्या लाकडी पट्टीला टेकते, म्हणून खिळे नालीत. मिस्त्रीनं तांब्याभर पाणी ओतलं. ते नालीतून निघालं आणि प्रत्येक खिळ्यापाशी थोडं थोडं खाली उतरत गेलं.

"पाणी कुठून जाते?"

"नालीतून."

"अन् तुम्ही छिद्रं कुठं पाडले?"

उत्तर खालून बायकोनं दिलं, "नालीत!" इतक्या आनंदानं तिनं लग्नात उखाणाही घेतला नव्हता.

नवे पत्रे आले आणि चहा नेण्याच्या निमित्तानं मी तीन दिवस त्याचं काम पाहत बसलो. आमच्याकडे वादळ पश्चिमेकडून येतं, म्हणून त्यानं सुरुवात पूर्वेच्या टोकापासून केली. प्रत्येक नवा पत्रा आधीच्या पत्र्यावर चढला, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. दोरी ताणून रांग आखली. स्क्रू चढावर, अगदी सरळ, डोक्याखाली रबराचा वॉशर. नजरेइतकंच त्याचं काम कानांवर चालायचं. स्क्रू पिळायच्या मशीनचा आवाज जाड झाला रे झाला, की बटणावरचं बोट उठलंच.

"रबर जरासंच फुगलं पाहिजे, भाऊ. चपटं केलं तर उन्हानं फाटते. ढिलं राह्यलं तर आजच गळते."

मला राहवेना. "एक स्क्रू मी लावू?"

त्यानं मशीन अशा चेहऱ्यानं दिली, जशी एखादी आई पोरगी सासरी देते. मी जोर लावला. मशीन किंचाळली, चढ दबला, रबर पापडासारखं पसरलं.

"वा! भुताले आता सुटकाच नाही."

काम संपल्यावर त्याचा नियम कळला. पाणी घरमालकानं टाकायचं, खाली मिस्त्रीनं बसायचं. खुर्ची टाकून त्यानं डबा उघडला. मी वरून पाइप सोडला.

"ताई, भाकरीवर थेंब पडला तर तीन दिवसाची मजुरी माफ," तो म्हणाला.

"भाकरीचं सोडा. यांचा स्क्रू कुठला?"

त्यानं बोटानं दाखवलं. बायकोनं शिलाई मशीन ओढत नेमकी त्या स्क्रूखाली आणली आणि तिच्यावर एका नवरीचा नवाकोरा शालू पसरला. मी चढांवर, जोडांवर, आणि डोळे मिटून माझ्या स्क्रूवर धार धरली. दहा मिनिटं खालून फक्त भाकरी मोडल्याचा आवाज.

"आता बंद करा गा, भाऊ! का विहीर उपसून राहिले?"

शालू कोरडा. वर्ग वाचला. बायकोनं वर पाहून चक्क माझं कौतुक केलं, आणि मी ते घेतलंही.

दुसऱ्या दिवशी शिडी लावून छपरावर पाहिलं. दबलेल्या चढावर रबराचं जाड ठिगळ बसवलेलं होतं, अगदी मापात कापलेलं, आणि त्यावर नवा स्क्रू. वॉशर जरासाच फुगलेला. हे त्यानं केव्हा केलं, देव जाणे. म्हणजे या वेळी खरोखरचा देव.

बायकोला मी अजून सांगितलेलं नाही.