आत्याच्या सुराला लावलेला पंखा

मला आवाज सहन होत नाही आणि मी काशीत राहते. यावर आमच्या घरात हसून झालेलं आहे. रामघाटामागच्या गल्लीत घंटा वाजतात, स्कूटरवाले वळणावर हॉर्न धरून ठेवतात, माकडं पत्र्यावर उड्या मारतात. यातलं काही माझ्या हातात नाही. हातात होता तो फक्त माझा कॉम्प्युटर. मी घरी बसून छापखान्यांसाठी पुस्तकांची पानं लावते. दिवसातला बराचसा वेळ त्या डब्याशेजारी जातो, तेव्हा त्याचे पंखे तरी माझ्या म्हणण्याप्रमाणे चालावेत असा माझा हट्ट असतो.

ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. माझ्या डब्यात दोन पंखे आहेत. एक प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो, दुसरा मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर टाकतो. पडद्यावर एक आलेख उघडता येतो. त्यात आडवं तापमान, उभा पंख्याचा वेग आणि मधे एक रेघ. ती माउसने ओढून आपण ठरवायचं की इतकं तापलं तर इतकं फिरायचं. डिसेंबरात रेघ अगदी तळाला ठेवली तरी चालतं, तेव्हा कॉम्प्युटर माझ्यापेक्षा गार असतो. मे महिन्यात मात्र खोलीच तापलेली असते. पंखा हळू ठेवावा तर यंत्र तापतं, जोरात ठेवावा तर माझं डोकं. मी ती रेघ इतक्यांदा वरखाली केली आहे की आत्या म्हणायची, "एवढं ध्यान भाजीत घातलं असतंस, तर मीठ तरी बरोबर पडलं असतं."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, जन्मभर मुलींच्या शाळेत शिकवलं, आणि माझे आईवडील गेल्यावर त्या घरात आम्ही दोघीच उरलो. पण घाटावरच्या मराठी घरांमधून तिला लोक ओळखत ते शाळेमुळे नाही. बारसं असलं की पाळणा म्हणायला तिला बोलावणं यायचं. तिचा पाळणा तिच्या आईकडून आलेला. त्यात गंगा आहे, नाव वल्हवणारा मल्लाह आहे, आणि मधेमधे खुशाल हिंदी शब्द आहेत. पुण्यामुंबईकडचे पाहुणे पहिल्या कडव्याला गालात हसायचे. शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव येतं. तिथपर्यंत त्याच पाहुण्यांच्या हातात रुमाल आलेले मी पाहिले आहेत.

त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीला डॉक्टरांनी आत्याच्या गळ्यातली गाठ काढायची म्हणून सांगितलं. गाठ साधीच होती, पण आवाजाची नस तिला अगदी लागून गेलेली. "आवाज बदल सकती है," डॉक्टर म्हणाले, "लौट भी आती है, पर अभी कुछ कह नहीं सकते।"

"बोल तो पाऊँगी?" आत्याने विचारलं.

"बोलेंगी, बोलेंगी।"

बाहेर रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "बोलण्याचं काय गं, कुणीही बोलतं." मला त्या वाक्याची भीती वाटली. गाठीची इतकी वाटली नव्हती.

तिच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत होतं. पुण्याला माझ्या भाच्याच्या बायकोला ऑगस्टमध्ये बाळ व्हायचं होतं. हा भाचा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. त्याच्या बारशाला आत्याच गायली होती आणि त्यानंतर आमच्या घरात पाळणा हललाच नव्हता. ऑपरेशन जूनमध्ये, बाळ ऑगस्टमध्ये. "आधीच भरून ठेव माझा पाळणा," ती मला म्हणाली. जसं काही लोणचंच भरायचं होतं.

मोबाइलवर का नाही केलं, असं भाच्याने विचारलंच. केलं होतं. मोबाइल स्वतःचं शहाणपण चालवायचा आणि तिचे खालचे सूर गाळून टाकायचा. माझ्याकडे एक चांगला माइक होता, पण त्याची वायर आखूड, म्हणून तो कॉम्प्युटरच्या टेबलावरच ठेवावा लागे. टेबल आतल्या खोलीत, तिला खिडकी नाही. बाहेरच्या खोलीत नेलं तर आख्खी गल्ली रेकॉर्ड झाली असती. आणि गल्ली शांत होते ती एकाच वेळी, भर दुपारी, ऊन डोक्यावर असतं तेव्हा. कूलर बंद, छताचा पंखा खडखडतो म्हणून तोही बंद. आम्ही दोघी घामाने निथळत, आणि तिसरा तो डबा.

पहिल्या दिवशी मी पंख्यांना हात लावला नाही. आत्याने डोळे मिटून सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यात यंत्र तापलं, पंखा घूं करून चढला, थोड्या वेळाने उतरला, परत चढला. मागाहून ऐकलं तेव्हा कळलं की आत्याने पाळणा ज्या सुरात धरला होता त्या सुरात तो संपलाच नव्हता. पंख्याबरोबर तीही चढत गेली होती. मी घाबरले. मला वाटलं, गाठीचाच परिणाम सुरू झाला.

मग माझ्यातला हट्टीपणा उफाळून आला. मी दोन्ही पंख्यांची रेघ शून्याला नेऊन ठेवली. खोलीत अशी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. मला फार आनंद झाला, आणि तो तिसऱ्या कडव्यापर्यंत टिकला. नेमकं मागे कसलं तरी अपडेट सुरू झालं होतं. पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा लाल झाला, आणि मी माउसकडे हात नेईपर्यंत यंत्र आपणहून बंद पडलं. फार तापलं की स्वतःला वाचवायला ते असं करतं. आत्याचे डोळे मिटलेले होते. काळ्या पडद्यासमोर तिने ते कडवं शेवटपर्यंत म्हटलं.

मी टेबलावर हात आपटला. यंत्राला, विजेला, मे महिन्याला, सगळ्यांना बोलून घेतलं. आत्याने पदराने मान पुसली.

"झालं बोलून? मग ऐक. पंखा बंद कशाला करतेस?"

"तुझ्या आवाजात येतो म्हणून."

"येऊ दे की. मी जन्मभर बायकांच्या गलक्यात गायलेय. पोरं रडतात, कुकर वाजतो. सन्नाटा मला हवाय कुठे? तुझा पंखा चढतो-उतरतो ना, तो परेशान करतो. मी त्याच्या मागे जाते. एका सुरात ठेव त्याला."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. इतकी वर्षं मी ती रेघ वाकवत आले होते, ती सरळ आडवीही ठेवता येते हे माहीत असून कधी ठेवली नव्हती. कारण मला हवी होती शांतता, आणि आत्याला हवा होता भरवसा. यंत्र किती तापलं आहे ते न बघता पंख्याने एकाच वेगाने फिरत राहायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

मी रेघ आडवी केली. आत्याने तोंड मिटून गुणगुणायला सुरुवात केली आणि मी वेग टक्क्याटक्क्याने वाढवत नेला.

"और थोडा... नको, जास्त झालं. थोडा मागे घे. आता हा दुसरा कोण बोलतोय?"

दुसरा म्हणजे मागचा पंखा. दोघांचे वेग अगदी जवळ आले की आवाज एकमेकांवर आदळून डोलायला लागतो, ते तिला लगेच ऐकू आलं. मागचा मी बंद केला. प्रोसेसरवरच्या एकट्यावर भागेल का याची मला धास्ती होती. पडद्यावरचा आकडा चढत चढत अठ्ठ्याहत्तरवर गेला आणि तिथेच घुटमळत राहिला. यंत्राला ते चालण्यासारखं होतं.

"बस, यही," आत्या म्हणाली, आणि तो सूर धरून गायला लागली.

मी कितीदा तरी तो पाळणा ऐकला होता, पण इतक्या जवळून कधीच नाही. तिच्या आवाजात घाई नव्हती. पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत सूर जिथे ठेवला तिथे राहिला. मग शेवटच्या कडव्यात नावाची जागा आली आणि माझ्या लक्षात आलं की नाव तर कुणालाच माहीत नाही. बाळ जन्मायचं होतं. भाच्याने काही ठरवलं असलं तरी बारशाआधी ते कुणी उच्चारायचं नसतं. आत्या थांबली नाही की गोंधळली नाही. तिने जागा मोकळी सोडली. गुडघ्यावर बोटांनी मात्रा मोजल्या, मोठंसं नावही मावेल एवढ्या, आणि पुढची ओळ घेतली. तेवढा वेळ माइकमध्ये नुसता पंखा होता.

संध्याकाळी मी सवयीप्रमाणे सॉफ्टवेअर लावून ती घरघर पुसून पाहिली. आत्याचा आवाज लख्ख झाला, पण नावाच्या जागी सगळं मेल्यासारखं वाटलं, कुणी मधेच दार लावून घ्यावं तसं. घरघर असली की तिथे खोली होती, दुपार होती, वाट बघत बसलेलं माणूस होतं. मी पुसलेलं सगळं परत आणलं.

ऑपरेशन नीट झालं. गाठही साधीच निघाली. आवाज मात्र गेला तो आलाच नाही. जे उरलं ते घोगरं, फाटकं. डॉक्टर म्हणाले, महिने लागतील. आत्या घरात माझ्याशी कामापुरतं बोलायची. फोन वाजला की हातानेच सांगायची, तूच घे. भाजीवाल्याशी भाव करायला ती मला पुढे करू लागली, आणि मला भाव करता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन बारशांची बोलावणी आली, तिने नमस्कार सांगून पाठवला. एकदा मी म्हटलं, नुसती जाऊन बसून तर ये. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही. तिचा पाळणा माझ्या कॉम्प्युटरमध्ये सुरक्षित होता, पण आत्या माझ्या डोळ्यांसमोर लोकांतून उठून चालली होती, आणि मला त्यावर काहीच करता येत नव्हतं.

ऑगस्टमध्ये मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. डॉक्टरांची आत्याला प्रवासाची परवानगी नव्हती, म्हणून आम्ही कॉम्प्युटरवरूनच हजर राहायचं ठरलं. पाळणा इथूनच लावते, मी भाच्याला बजावलं, तिकडे कुणाच्या फोनवर घोळ नको. मोकळी जागा आली की सगळ्यांनी मिळून नाव घ्यायचं, एवढं तुम्ही सांभाळा. आत्या नवं पातळ नेसून माझ्या शेजारी बसली. तिने कॅमेऱ्याला हात जोडले. तिकडून सगळ्या बायका एकदम बोलल्या, ती नुसती मान हलवत राहिली.

बाळाच्या कानात नाव सांगून झालं, मग सगळ्यांना सांगितलं. मी पाळणा लावला. पुण्याची खोली गप्प झाली. शेवटचं कडवं आलं, मोकळी जागा आली, पंख्याची घरघर सुरू झाली, आणि पुण्याहून काहीच आलं नाही. माझ्या ध्यानात आलं नव्हतं की आमचा आवाज तिकडे पोचून त्यांचा इकडे यायला वेळ लागतो. इतकी काळजी घेऊन मी ती जागा रिकामीच घालवली होती.

तेवढ्यात आत्या पुढे झुकली आणि तिने नाव घेतलं. आवाज फाटला, सूर लागला नाही, पण नाव पूर्ण, स्वच्छ घेतलं. लगेच पुढची ओळ तिच्याच जुन्या आवाजाने उचलली.

मग उशिराने पुण्याचं नाव आलं, सगळ्या घराने एका दमात घेतलेलं, त्या ओळीच्या अंगावर. मी रडत होते. पाळणा संपला. तिकडे कुणीतरी म्हणालं, आत्याआजी, तुमचा आवाज आला. आत्याने माझ्यासमोरचा माइक आपल्याकडे ओढून घेतला.

"आला ना? मग बाळाला जरा वर उचल," ती त्याच फाटक्या आवाजात म्हणाली, "मला तिचा चेहरा दिसत नाहीये."