ओल्या कपड्याचं वजन

धुतलेला कपडा समोर आला की मावशी त्याचं टोक अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळायच्या. तेवढा वेळ डोळे मिटलेले. मग निकाल यायचा: "निघालंय," नाहीतर "न्हाई निघालं." कपडा दोरीवर आहे की कोणाच्या अंगावर, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. एकदा आमच्या डॉक्टरमॅडम पेशंटच्या नातेवाइकांशी बोलत उभ्या होत्या. मावशींनी मागून त्यांच्या पांढऱ्या कोटाचं टोक चोळलं आणि शांतपणे सांगितलं, "साबण हाय अजून यात." मॅडमनी बोलता बोलताच कोट काढून त्यांच्या हातात दिला.

उदगीरच्या आमच्या छोट्या बाळंतपणाच्या दवाखान्यात मी हेड सिस्टर होते आणि मावशींकडे धुण्याची खोली. त्या मूळच्या जळकोटकडच्या. नवरा लवकर गेला. धुणी करून त्यांनी मुलाला शिकवलं आणि तो नायगावला शाळेत मास्तर झाला. दर सुट्टीत तो येऊन म्हणायचा, आई, बस झालं आता, लोकांची धुणी सोड. मावशी त्याला पोटभर जेवू घालायच्या आणि सोमवारी वेळेवर कामावर हजर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याचं धुणं धुण्यात त्यांना कधी कमीपणा वाटत नाही. ते नीट निघालं नाही तर मात्र जेवण गोड लागत नाही.

एका उन्हाळ्यात दवाखान्याचं बोअर आटलं. दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि त्यातलं निम्मं पाणी धुण्यातच जायचं. कमी पाण्यात धुणारं मोठं मशीन घेऊ, असं मॅडमना मीच सुचवलं. मशीन आलं. समोर काचेचं गोल दार. विकणाऱ्यानं सांगितलं, हे कपड्यांचं वजन स्वतः ओळखतं आणि लागेल तेवढंच पाणी घेतं. पहिलं धुणं संपेपर्यंत मावशी हाताची घडी घालून काचेसमोर उभ्या राहिल्या. कसं वाटतं, असं मी विचारलं.

"कपडे नुसते लोळून राहिले," त्या म्हणाल्या. "पाणी कुठं हाय?"

चादरी बाहेर आल्या त्या कडक, पावडरीचा वास असलेल्या. डागांचे पिवळट गोल तसेच. मी नसताना मावशी सगळं पुन्हा हातानं धुऊ लागल्या. पाणी पहिल्यापेक्षा जास्त जायला लागलं. ते कळल्यावर मी चिडले. चारचौघींसमोर म्हणाले, मशीनमधून निघेल तसंच वाळत घाला. तुम्हाला हे मशीनच नको आहे, म्हणून हे चाललंय.

"मशीन नको म्हनलं न्हाई मी," मावशी म्हणाल्या. "धुणं पायजे म्हनलं."

चादरी त्यांनी तशाच वाळत घातल्या. बाळांच्या दुपट्यांचा गठ्ठा मात्र बाजूला काढून ठेवला. हे मी वॉर्डात देणार नाही, म्हणाल्या. मी तो गठ्ठा उचलला आणि स्वतः वॉर्डात नेऊन वाटला.

तिसऱ्या दिवशी एका बाळाची पाठ आणि मान लालभडक झाली. बालरोगतज्ज्ञांनी दुपट्याचं टोक ओलं करून चोळलं, तर बोटांवर फेस आला. बाळाची आजी तडक धुण्याच्या खोलीत गेली. बाळाचे कपडे धुता येत नसतील तर पगार कशाचा घेता, इथपासून तिनं सुरुवात केली. मी दारात उभी होते. मावशींनी सगळं खाली मान घालून ऐकलं. एकदा माझ्याकडे बघितलं, पण माझं नाव घेतलं नाही. "चुकलं, आज्जी. आत्ता परत धुऊन देते," एवढंच म्हणाल्या.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तासाभरानं आजीला गाठून सांगितलं की दुपटी मी दिली होती, मावशींनी अडवलं होतं. मग धुण्याच्या खोलीत गेले. मावशींचे हात कोपरापर्यंत फेसात. माझं चुकलं, असं म्हटलं. त्या जरा सरकल्या आणि शेजारी जागा केली.

"बाह्या वर करा," म्हणाल्या.

वॉर्डातली सगळी दुपटी आम्ही दोघींनी मिळून धुतली. चार दिवसांत बाळाची कातडी पहिल्यासारखी मऊ झाली.

नंतर मशीन दुरुस्त करणारा आला. त्यानं बटणं दाबून बघितली आणि बिघाड काहीच नाही म्हणाला. मशीन वजनावर पाणी घेतं, तुमचे कपडे हलके आहेत.

"डाग काय वजनावर असतोय का?" मावशींनी विचारलं. तो हसला आणि गेला.

पण वजनाची गोष्ट मावशींच्या डोक्यात बसली. तिसऱ्या दिवशी त्यांनी चादरी टाकीत भिजवल्या, डाग हातानं चोळले आणि ओल्या चादरींनी मशीन निम्मंच भरलं. ओल्या कपड्यांचं वजन जास्त लागल्यावर मशीननं पाणी सोडलं. काचेमागे पहिल्यांदाच पाणी घुसळताना दिसलं. मावशींनी स्टूल ओढून घेतलं आणि सिनेमा बघावा तशा त्या समोर बसल्या. शेवटच्या खळबळण्याचं पाणी पाइप लावून त्यांनी पिंपात धरलं. पुढच्या चादरी त्यात भिजल्या आणि भिजवणीचं पाणी संडासाला गेलं. टँकर पुरायला लागला आणि चादरीही स्वच्छ निघू लागल्या.

मी म्हटलं, मावशी, मशीनला फसवलंत की.

"फसवलं कशाचं? सुकं कापड त्याला हलकं वाटून राहिलं होतं. वलं करून दावलं."

गावातल्या दुसऱ्या दवाखान्यांतल्या बायका हे बघायला येऊ लागल्या. मावशी त्यांना स्टुलावर बसवून सांगायच्या, आणि समजलं का, हे प्रत्येकीकडून वदवून घ्यायच्या. विकणाऱ्या माणसानंही एकदा येऊन सगळं बघितलं. त्याला मात्र त्यांनी उभंच ठेवलं.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्या आपण होऊनच नायगावला लेकाकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता मास्तरांची कॉलर बघते. लई मळवतेत."

गेल्या थंडीत लेकाचा फोन आला. छातीत कफ भरला म्हणून मावशी अकरा दिवस नांदेडच्या एका दवाखान्यात होत्या, आणि तिथंच गेल्या. मी नायगावला पोचले तेव्हा अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. बुद्धवंदना संपली तरी एक माणूस फाटकापाशीच उभा होता. मास्तर त्याला ओळखत नव्हते. मी जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाला, मी त्या नांदेडच्या दवाखान्यात धुण्याला आहे. या आजींनी मला खाटेजवळ बोलावून घेतलं होतं. मला वाटलं, आता तक्रार करतात. पण त्यांनी मला बसायला सांगितलं, दम लागत होता तरी अर्धा तास मशीनचं समजावलं, आणि शेवटी सगळं माझ्याकडून म्हणून घेतलं.

त्यानं हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"चादरी निघून राहिल्या आता," तो म्हणाला. "तेवढं सांगायला वॉर्डात गेलो होतो. तर खाट रिकामी होती."