वडिलांनी न मागितलेला निवाडा

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही धुळ्यात राहत होतो. वडील सूतगिरणीत फिटर होते आणि रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना चालवायचे. आवाज काही फार मोठा नव्हता, पण ते बोलू लागले की बायका आपापल्या लेकरांना गप्प करायच्या.

एका संध्याकाळी त्यांच्या गिरणीतल्या जोडीदाराची बायको आमच्या दारात येऊन उभी राहिली. आमच्या मंडळीतली नव्हती ती. पदर तोंडाला लावून म्हणाली, "भाऊ, त्यासले घर लई या. पोरे उपाशी शेतस."

तिचा नवरा सकाळपासून दारूच्या गुत्त्यावर बसला होता. वडिलांनी चपला घातल्या, तिथे गेले आणि त्याला खांद्याचा आधार देत घरी पोचवून आले.

गुत्त्यातून बाहेर पडताना त्या दोघांना आमच्या मंडळीच्या एका पंचांनी पाहिलं. त्यांना सगळे आबा म्हणत. कडक माणूस. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पंचांची बैठक बसली. वडिलांनी घडलं तसं सांगितलं.

"गुत्त्यात जाऊन कोरडा कोण येतो?" आबा म्हणाले.

ती बाई साक्ष द्यायला देवळाच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. 'बाहेरच्यांचं इथे काय काम' म्हणून आबांनी तिला परत पाठवलं. वडिलांचं प्रार्थना चालवणं बंद झालं आणि प्रभुभोजनही.

भाकर आणि द्राक्षरसासाठी सगळे उठून पुढे जात, तेव्हा वडील मागच्या बाकावर एकटे बसून राहायचे. आईला त्यांच्याकडे बघवायचं नाही. जळगावहून मामा आला, तो तर संतापलाच. "आबांच्या घरातल्या भानगडी मला माहीत आहेत. चार लोकांत सांगतो."

"नको," वडील म्हणाले. "हे प्रकरण मी देवाच्या हाती दिलंय. आता त्यात माझा हात नको, तुझाही नको."

मी तेव्हा शाळेत होते. देव इतका वेळ कशाला लावतोय, हे मला कळत नव्हतं.

ऐन उन्हाळ्यात आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बातमी आली तेव्हा आम्ही जेवत होतो. आई हात जोडून म्हणाली, "बघा. प्रभूने निवाडा केला."

वडिलांनी ताट बाजूला सारलं. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"हा निवाडा आहे असं तुला त्याने येऊन सांगितलं का? मी न्याय मागितला होता. कुणाची जीभ नव्हती मागितली."

तसेच उठून ते दवाखान्यात गेले. मीही मागोमाग गेले. आबा खाटेवर पडलेले, तोंड वाकडं, हनुवटीवरून लाळ ओघळत होती. वडिलांना पाहताच त्यांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट घट्ट धरलं. घशातून नुसता घरघर आवाज येत होता. माफी मागत होते की जा म्हणत होते, कुणास ठाऊक. वडिलांनी ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसलं. "राहू द्या आबा," म्हणाले, आणि तिथेच बसून हलक्या आवाजात प्रार्थना केली. मग गिरणी सुटली की रोज ते तिकडे जाऊ लागले. पावसाळ्यात आबा गेले.

पुढे नवे पाळक आले. त्यांनी वडिलांना पुन्हा प्रभुभोजनाला बोलावलं.

आईने विचारलं, "आरोप खोटा होता, हे मंडळीसमोर सांगाल ना?"

पाळकसाहेब अवघडले. "आता आबा नाहीत. जुनं कशाला उकरायचं?"

ते कुणीच, कधीच सांगितलं नाही. आईला ते अखेरपर्यंत सललं. वडिलांना सलत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. पाळकसाहेबांनी बोलावलं त्या रविवारी ते पुढे गेले, प्रभुभोजन घेतलं आणि परत त्याच मागच्या बाकावर येऊन बसले. शेजारी बसलेल्या आईने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.